भिंतीला विटा किती लागतील?

शाळेच्या मागील बाजूची कुंपणभिंत येत्या दिवाळीच्या सुट्टीत बांधून घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठीचा पैसा पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून जमला आहे. म्हणून विटांचा हिशेब सर्वांना कळावा, असे आम्हाला वाटते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला येणाऱ्या गुणाकार-भागाकारापलीकडचे त्यात काही नाही.

विटा कमी पडल्या तर काम थांबते. शिवाय दुसऱ्या भट्टीचा माल आणला तर माप जुळेलच असे नाही आणि थर वर-खाली होतात. जास्त मागवल्या तर त्या पटांगणात पडून राहतात आणि देणगीदारांचा पैसा अडकतो.

पहिले काम वीट मोजण्याचे. बाजारात सगळे ‘नऊ इंची वीट’ म्हणतात, पण प्रत्येक भट्टीचा साचा थोडा वेगळा असतो. म्हणून २० विटा एका ओळीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, एकूण लांबी मोजावी आणि २० ने भागावे. रुंदी व उंचीही तशीच काढावी. आपण येथे वीट २३ सेंमी लांब, ११ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच धरू.

आता सांधा. दोन विटांमध्ये आणि दोन थरांमध्ये सुमारे १ सेंमी मसाला असतो. म्हणजे भिंतीत प्रत्येक वीट २४ सेंमी लांबी आणि ८ सेंमी उंची व्यापते.

आपली भिंत ३० मीटर लांब आहे. त्यातले ३ मीटर फाटकाचे वजा केले की २७ मीटर उरतात. उंची १.६ मीटर, जाडी एका विटेची.

एका ओळीत विटा : २७०० ÷ २४ = ११२.५
जाडीत अशा दोन ओळी : ११२.५ × २ = २२५
थर : १६० ÷ ८ = २०
एकूण विटा : २२५ × २० = ४,५००

जाडीत दोनच ओळी का? कारण ११ + १ + ११ = २३. दोन रुंद्या आणि मधला सांधा मिळून बरोबर एक लांबी होते. त्यामुळे गवंड्याने काही विटा आडव्या घालून भिंत बांधली तरी संख्या बदलत नाही. अशा दोन आडव्या विटाही २४ सेंमीच जागा घेतात. आपल्या गुजरातेतील लोथल ज्या हडप्पा संस्कृतीचे, तिच्या विटांतही जाडी, रुंदी आणि लांबीचे प्रमाण १:२:४ असेच आढळते.

सांधा विसरून नुसत्या विटेच्या मापाने भागले तर उत्तर सुमारे ५,३६६ येते. म्हणजे ८६६ विटा जास्त! विटेचे माप बदलले तरी उत्तर बदलते. भारतीय मानकातील १९ × ९ × ९ सेंमीची वीट घेतली तर याच लांबी-उंचीला ४,३२० विटा पुरतात. मात्र भिंतीची जाडी १९ सेंमीच होते.

चढउतारात काही विटा फुटतात, टोकांना तुकडे करावे लागतात. त्यासाठी शेकडा ५ जादा धरतात. आपल्या भिंतीत २० थर असल्याने शेकडा ५ म्हणजे नेमका एक थर, २२५ विटा. एकूण ४,७२५ झाल्या. आम्ही ४,७५० मागवणार आहोत. पाया, जोते आणि भिंतीबाहेर येणारे खांब यांच्या विटा या आकड्यात नाहीत. त्यांचा हिशेब याच रीतीने वेगळा करावा लागतो. ठेकेदाराचे अंदाजपत्रक वाचताना विश्वस्तांनी व पालकांनी हे जरूर पाहावे.

गाडी आल्यावर विटा मोजून घेणे हाही हिशेबाचाच भाग आहे. विटा चौकोनी थप्प्यांत लावून घ्याव्यात. लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती, यांचा गुणाकार केला की एका थप्पीतल्या विटा कळतात. हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह करावे, अशी आमची इच्छा आहे. काम पुरे झाल्यावर किती विटा लागल्या, किती फुटल्या आणि किती उरल्या, ते आकडे आम्ही याच पानावर छापू. तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या घराची एखादी भिंत मोजून हिशेब करून पाहावा.