ढिगाच्या तळचे ओले धान्य

मदिनेच्या बाजारात एक व्यापारी धान्याचा ढीग मांडून बसला होता. तिथून जाताना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. हदीसमधला हा प्रसंग व्यापारातल्या सचोटीसाठी सांगितला जातो. पण ओल्या धान्यात काय वाढते हे कळल्यावर त्याचे मोल आणखी वाढते.

मका, ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे ओलसर राहिले की त्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते. त्यातल्या एका बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरे काही नव्हते. कावीळ आणि पोटात पाणी होऊन सुमारे चारशे माणसे आजारी पडली, शंभरावर दगावली. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही मेली.

हे विष पोटात गेल्यावर आतड्यातून रक्तात उतरते आणि थेट यकृताकडे जाते. यकृत त्याला बाहेर काढायच्या तयारीला लागते. पण पहिल्याच टप्प्यावर यकृतातली विकरे त्याचे रूप पालटतात आणि ते मूळ विषापेक्षा अधिक घातक होते. पेशीतल्या डीएनएला ते चिकटले की पुढे कर्करोगाचे बीज पडू शकते. दुसरीकडे ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ त्याला बांधून निकामी करतो आणि ते पित्त व लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे या विषाचा निचरा शरीर करते. पण त्याला मर्यादा आहे. रोज थोडे थोडे विष येत राहिले, किंवा यकृतात आधीच हिपॅटायटिस बीचा विषाणू असेल, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

काही अंश दुधातही उतरतो. म्हणून बुरशी आलेली भाकरी किंवा पाव गाई-शेळीला घातला म्हणजे सत्कारणी लागला, असे समजू नये. त्याचा काही भाग दुधातून पुन्हा आपल्याच घरात येतो.

शिजवल्याने बुरशी मरते, विष मरत नाही. भाकरीच्या तव्यावर किंवा खिचड्याच्या डेगीत ते बहुतांश टिकून राहते. त्यामुळे उपाय चुलीच्या आधीचेच आहेत: धान्य कडकडीत वाळवणे, कोरड्या डब्यात ठेवणे, पाखडून-निवडून काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे टाकून देणे. कुबट वास आला तर मोह न धरणे. आजी-आईच्या सुपातली ही शिस्त सगळ्याच घरांची, सगळ्याच धर्मांची.

आता ईदचे पाहू. ईदच्या नमाजाआधी ऐपत असलेला प्रत्येक मुसलमान घरातल्या माणशी फित्रा काढतो. गव्हाच्या हिशेबाने तो पावणेदोन ते दोन किलो धान्य किंवा त्याची किंमत असतो. गरिबाच्या घरीही ईदच्या दिवशी चूल पेटावी, हा त्यामागचा हेतू. दानात आपण स्वतः घेणार नाही अशी निकृष्ट वस्तू देऊ नये, अशी कुरआनची ताकीद आहे. तरीही साफसफाईत निघालेले जुने धान्य दानाच्या पिशवीत जाण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि ती एकाच समाजापुरती नाही.

ज्याच्याकडे निवडून टाकायला धान्यच नाही, तो मिळेल ते शिजवतो. बांसवाड्यात तेच घडले होते. म्हणून फित्र्याची पिशवी बांधण्याआधी एकदा तळापर्यंत हात घालावा. बोटांना ओल लागली, तर ते धान्य कुणाच्याच ताटात जायला नको.