बालकांची खुंटलेली उंची आणि पोषण-शिक्षण

रोडावलेले मूल कोणाच्याही दृष्टीस पडते. उंचीने खुंटलेले मूल मात्र सहसा ध्यानात येत नाही. "बापाच्या वळणावर गेले आहे" असे म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. वास्तविक जन्मसमयी सुमारे ५० सेंटिमीटर असणारी लांबी पहिल्या वर्षाअखेर ७५ च्या आसपास व दुसऱ्या वर्षाअखेर ८५ ते ८७ पर्यंत जावयास हवी. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १००० दिवसांत हुकलेली वाढ पुढे भरून निघणे फार कठीण असते.

याचे कारण केवळ अन्नाची टंचाई नव्हे. गरोदरपणी अधिक खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण जड जाईल, ही समजूत काही घरांत आजही आढळते. उष्टावण थाटाने होते. परंतु पुढे कित्येक महिने बाळाच्या वाट्यास वरणावरचे पाणीच येते. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. सहा महिने पूर्ण होताच घट्ट कालवलेला वरणभात, त्यावर चमचाभर तेल, शिजवून कुस्करलेली पालेभाजी, अंडे, शेंगदाण्याचे बारीक कूट असे अन्न दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. अशुद्ध पाण्यामुळे वारंवार होणारी हगवणही वाढ रोखते, हे विसरता कामा नये.

हे सांगावे कोणी? अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांपैकी अनेक निरक्षर, कित्येक दलित समाजातील होत्या. ज्या बाईने स्वतः मुले वाढविली, तिचा शब्द शेजारीण ऐकते. भित्तिपत्रकाने ते साधत नाही. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ वर आले, आणि २०१९-२१ मध्ये पुन्हा ३५.२ झाले. ही थांबलेली घसरण चिंताजनक आहे. तेव्हा अंगणवाडीत वजनाबरोबर लांबीचीही नोंद व्हावी. दोन वर्षांखालील मुलास सपाट फळीवर निजवून, गुडघे सरळ धरून मोजावे. या कामी दोन माणसे लागतात, आणि दुसरे माणूस मुलाची आईच असणे उत्तम.