‘ब्रेक फेल झाला’ एवढ्याने हक्क संपत नाही

महामार्गावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द हमखास दिसतात: ‘ब्रेक फेल’. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. कारण सांगितले गेले, ब्रेक फेल. जुलै २०२५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या उतारावर एका कंटेनरने वाहनांची रांगच्या रांग चिरडली. तिथेही तेच कारण.

हे दोन शब्द कानावर पडले की घरचे लोक हात टेकतात. “ड्रायव्हर तरी बिचारा काय करणार? यंत्र आहे, बिघडणारच. अल्लाहची मर्जी.” मग ट्रकमालकाचा माणूस येतो, कफन-दफनाच्या खर्चासाठी पाच-दहा हजार हातावर ठेवतो, एका कागदावर सही घेतो आणि प्रकरण मिटल्यासारखे होते. मागे राहते ती तरुण बेवा, दोन-तीन यतीम मुले आणि म्हातारी आई. तकदीरवर आपला ईमान आहेच. पण तकदीर मानणे वेगळे आणि यतीमांचा हक्क सोडून देणे वेगळे. ब्रेक फेल झाल्याने नुकसानभरपाईचा हक्क संपत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

ब्रेक अचानक जातो का?

मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि पायाने पेडल दाबले की ती हवा चाकातले ब्रेक आवळते. मागच्या चाकांना जोरदार स्प्रिंगही असते. हवा गळून गेली तर ही स्प्रिंग सुटते आणि चाके जागीच जखडते. म्हणजे गाडी नीट राखलेली असेल तर हवा गेल्यावर ती थांबावी, अशीच तिची रचना आहे.

मग उतारावर गाडी सुसाट का सुटते? बहुतेक वेळा कारणे साधी असतात. घासून संपलेले लायनर वेळेवर बदललेले नसतात. हवेची नळी गळत असते आणि मालक म्हणतो, “ही खेप होऊ दे, मग बघू.” गाडीत ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त माल असतो. लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये न उतरता सतत ब्रेक दाबला तर ड्रम आणि लायनर तापतात, त्यांची पकड सुटते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर आणखी वाईट.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक फेल झाल्याचे सांगितले गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. म्हणून अपघातानंतर ऐकलेले पहिले कारण शेवटचे मानू नये.

कायदा काय म्हणतो?

मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात १९७७ साली न्यायालयाने याविषयी स्पष्ट निकाल दिला. यांत्रिक बिघाडामुळे अपघात झाला असे मालकाचे म्हणणे असेल तर ते त्यानेच सिद्ध करायचे. गाडीची सगळी योग्य काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपूनच राहिला, हेही त्यालाच दाखवावे लागते. नुसते ‘ब्रेक फेल’ म्हणून भागत नाही. ब्रेक केव्हा तपासला, लायनर केव्हा बदलले, कोणत्या गॅरेजात बदलले, पावती कुठे आहे, हे त्याने सांगायचे. मरहूमच्या बायकोने ब्रेकची विद्या शिकायची गरज नाही.

मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागते. आपण त्याला पासिंग म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. अपघाताच्या दिवशी पासिंग संपलेले असेल तर मालकाची बाजू आणखी लंगडी पडते. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून ब्रेकच्या स्थितीचा अहवाल देतो. हा अहवाल दाव्यात फार महत्त्वाचा ठरतो. तो तयार झाला की नाही याची चौकशी करा आणि त्याची प्रत मिळवा.

दुसरी गोष्ट, फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या वेगळ्या वाटा आहेत. ड्रायव्हरवर गुन्हा चालेल, तो सुटेल किंवा त्याला शिक्षा होईल. भरपाईचा दावा मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्याने रक्कम बहुधा विमा कंपनीच भरते. विमा नसेल तर जबाबदारी मालकाची.

चूक कोणाची याची चर्चाच नको असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. पण सावध राहा. ही रक्कम त्या पद्धतीने एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. आधी हिशेब करा, वकिलाशी बोला, मगच सही करा.

पहिले काही दिवस

जखमीला आधी दवाखान्यात न्या. नेणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवू नये यासाठी कायद्यात संरक्षण आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत ठरवलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळू शकतात. दवाखान्यात पोहोचताच याची विचारणा करा.

मृत्यू झाला असेल तर आपल्याकडे दफन लवकर व्हावे अशी घाई असते आणि ती योग्यच आहे. पण या घाईत काही लोक पोलिसांना “पोस्टमॉर्टेम नको” म्हणून गळ घालतात. हे करू नका. मृत्यू अपघाताच्या जखमांनीच झाला, हे सांगणारा कागद तोच आहे. तो नसला तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो. जमातीच्या जबाबदार माणसाने डॉक्टरांना आणि पोलिसांना भेटून काम लवकर करून घ्यावे, हा बरा मार्ग.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तपास अधिकाऱ्याकडे याची विचारणा करण्यात संकोच नको. एफआयआर, पंचनामा, ट्रकचा नंबर, विम्याचा कागद आणि ड्रायव्हरचे लायसन्स यांच्या प्रती मागून घ्या. जागेचे आणि गाडीचे फोटो कोणी काढले असतील तर जपून ठेवा.

सहा महिने आणि इद्दत

१ एप्रिल २०२२ पासून नवी अट लागू झाली आहे. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. आपल्या घरांत ही अट विशेष जाचते. पतीच्या मृत्यूनंतर बेवा चार महिने दहा दिवस इद्दतीत असते. “इद्दत होऊ दे, मग कोर्टाचं बघू,” असे घरचे म्हणतात. इद्दत संपते तेव्हा हातात जेमतेम पन्नास दिवस उरतात. त्यात कागद गोळा होत नाहीत आणि मुदत निघून जाते.

यातून मार्ग आहे. वकालतनाम्यावर सही घरी बसून करता येते. कागद जमवण्याचे काम दीर, भाऊ किंवा सासरे करू शकतात. अगदी नडलेच तर गरजेच्या कामासाठी दिवसा घराबाहेर पडण्याची मुभा हनफी फिकहमध्ये इद्दतीतल्या बेवेला आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण विचारायला चार महिने लावू नका. सहा महिन्यांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. म्हणून मुदत उलटली असली तरी घरी बसू नका, वकिलाला भेटा.

अपघात धुळ्याला झाला म्हणून भिवंडीच्या बाईने धुळ्याच्या खेपा घालायला नकोत. अपघाताची जागा, अर्जदाराचे राहण्याचे ठिकाण किंवा समोरच्या पक्षाचे ठिकाण, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

हिशेब कसा होतो?

भरपाईचा आकडा न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, फळांची गाडी लावणारा ३२ वर्षांचा माणूस महिन्याला १५,००० रुपये कमावत होता. मागे बायको, दोन मुले आणि आई. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा माणूस म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २१,००० होतात. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा. राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाचा गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. दफनाचा खर्च आणि जोडीदार गमावल्याची रक्कम त्याशिवाय. आता मालकाच्या माणसाने पुढे केलेले दहा हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

पगाराची पावती नसली तरी दावा बुडत नाही. न्यायालय किमान वेतन आणि परिस्थिती पाहून उत्पन्न धरते. गृहिणी गेली तर “ती कुठे कमावत होती?” हा प्रश्नही चालत नाही. घरकामाची किंमत धरावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे.

खरी अडचण कागदांची येते. शाळेत काम करताना मी हे नेहमी पाहते. आधारवर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘मो.’, निकाहनाम्यात उर्दूतले पूर्ण नाव आणि दाखल्यावर भलतेच. सगळी नावे एकाच माणसाची, हे पटवताना तारखांवर तारखा जातात. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बोनाफाईड, तसेच निकाहनामा व त्याचे मराठी भाषांतर, एवढे लवकर तयार ठेवा. नावांत फरक असेल तर वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या.

ट्रकवाल्याचे घर

आपल्या समाजात ट्रक चालवणारे आणि क्लीनर म्हणून जाणारे पुष्कळ आहेत. ब्रेक नसलेल्या गाडीत सर्वांत आधी जीव धोक्यात येतो तो त्यांचाच. ड्रायव्हर किंवा क्लीनर कामावर असताना गेला तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येते. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र या कायद्याखाली किंवा मोटार वाहन कायद्याखाली, एकाच ठिकाणी मागता येते. ड्रायव्हर भावांनी एक सवय लावून घ्यावी. ब्रेकची तक्रार मालकाला तोंडी न सांगता मोबाईलवर संदेश पाठवून सांगावी आणि तो संदेश पुसू नये.

वकील आणि दलाल

दवाखान्याच्या दारातच काही माणसे भेटतात. “एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे,” असे म्हणून कोऱ्या कागदांवर सह्या घेतात. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांना नियमाने मना आहे. कोरा कागद कोणालाही सही करून देऊ नका.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून वर दाखवला तसा हिशेब हातात घेऊनच तडजोडीला बसा.

निकालानंतर मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण साधारणपणे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून ठेवते. ती काढून चुलत्याच्या धंद्यात घालण्याचे बेत घरात होतात. सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाविषयी किती कडक ताकीद आहे, हे आपण जाणतोच. ही रक्कम अमानत आहे. तिच्यावर मुलाचे शिक्षण व्हायचे आहे, मुलीचे पाय भक्कम व्हायचे आहेत.

जनाज्याला आपली शेकडो माणसे जमतात. चाळीसाव्यापर्यंत घरी जेवणाचे डबेही येतात. त्याच माणसांपैकी एक शिकलेला माणूस पहिल्या आठवड्यात त्या घरी जावा, कागदांची एक फाईल करून द्यावी आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून यावी. प्रत्येक मोहल्ल्याने एवढी जबाबदारी कोणाला तरी नेमून द्यावी.