गळक्या माठाचा सापळा

माझा पहिला सापळा 260 रुपयांना पडला आणि आठ दिवसांत त्यात एकही माशी आली नाही.

येडगाव धरणाचा फुगवटा आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. काठाच्या चिखलात घोडमाशीच्या अळ्या वाढतात आणि श्रावणात जरा उघडीप मिळाली की माश्या थेट गाईंवर येतात. ही माशी डासासारखी हळूच सोंड खुपसत नाही. कातडे कापते आणि वर आलेले रक्त चाटते. चावते फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागते. नर फुलांवर जगतो. एका गाईने हाकलली की ती अर्धपोटी दुसरीवर बसते, तोंडाला लागलेले रक्त घेऊनच. सर्रा हा जनावरांचा रोग असाच पसरतो. पण मला सापळा करायला लावले ते एका लाथेने. ऐन धारेत माशी चावली, गाईने पाय झाडला आणि सहा लिटर दूध शेणात गेले. आत्याबाई लिंबाच्या पाल्याची धुरी करतात. धूर आहे तोवर बरे, पुढे पुन्हा तेच.

या सापळ्याची युक्ती कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातली, 1960च्या दशकातली. काळा चकचकीत गोळा उन्हात टांगायचा. तो तापतो, वाऱ्याने हलतो, माशीला जनावर वाटतो. घिरट्या घालून काही मिळाले नाही की ती उजेडाकडे, म्हणजे वर उडते. वर पारदर्शक प्लॅस्टिकचे पालथे नरसाळे आणि त्याच्या टोकाला बाटली. विषाचे काम नाही.

टोमॅटो करणाऱ्याच्या घरी यातले निम्मे सामान पडूनच असते. प्लॉट उपटला की बांबू, तार, सुतळी बांधावर. तीन बांबूंची तिवई झाली. पैसे गेले ते असे: नारायणगावातून आणलेला बारा इंची प्लॅस्टिकचा चेंडू 120, काळ्या ऑइलपेंटची डबी 60, दोन मीटर जाड प्लॅस्टिक 80. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फुकट. एकीचा गळा कापून दुसरीत बसवला की माशी आत जाते, तिला परतीची वाट सापडत नाही.

फसला तो रंग. मऊ प्लॅस्टिकवर तो वाळलाच नाही, चिकट राहिला, धूळ बसली आणि चकाकी गेली. मग मल्चिंग पेपरची काळी बाजू वर करून चेंडू गुंडाळला, तर त्याचे गाठोडे झाले. शेवटी परसात पालथा पडलेला गळका माठ उचलला. मातीवर रंग एका दिवसात पक्का बसला. जड म्हणून तार तेवढी दुहेरी घ्यावी लागली.

तरी माशी येईना, कारण सापळा मी गोठ्यातच टांगला होता. गाई तिथे, म्हणून माश्या तिथे, असा माझा हिशेब. पण सावलीत माठ तापणार कसा? तो काढून फुगवटा आणि गोठा यांच्या मधल्या बांधावर, भर उन्हात, कमरेच्या खाली लोंबेल असा लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटलीत सतरा घोडमाश्या. मी त्या दोनदा मोजल्या.

गाईंच्या पायांना चावणाऱ्या बारक्या माश्या मात्र माठाला भुलत नाहीत. त्यांच्यासाठी केनियात तयार झालेला निळ्या-काळ्या कापडाचा ‘न्झी’ सापळा आहे. स्वाहिलीत न्झी म्हणजे माशीच. काटकसर म्हणून मी मुलाच्या गणवेशाचे उरलेले आकाशी कापड वापरले, माश्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. निळा गडद लागतो. नवे कापड आणि मच्छरदाणीची जाळी धरून 700 रुपये गेले, शिलाई घरची. खरे तर या माश्या ओल्या शेणात आणि कुजलेल्या वैरणीत वाढतात. गव्हाणीखालचा चोथा रोज उचलून उन्हात पसरला, तेव्हाच त्या जास्त घटल्या. त्याला खर्च फक्त माझ्या कमरेचा.

2022 साली लम्पी आला तेव्हा जो तो माश्यांच्या मागे लागला होता. आम्ही गाईंना लस टोचून घेतली. आज सापळा आहे म्हणून लस चुकवावी, असे मी कुणाला सांगणार नाही.

चुलत दिरांनाही आता असाच सापळा हवा आहे. यंदा चैत्रात नवा माठ आणला, तर आत्याबाईंनी त्याच्या बुडाला हात लावून पाहिला आणि विचारले, “हा कधी गळायचा?”