लघुउद्योगांसाठी अभिकल्प-विचार : अल्पखर्चिक उपयोजनाची दिशा

प्रस्तावना
'डिझाइन थिंकिंग' अर्थात अभिकल्प-विचार ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरावली आहे. तथापि तिचा लाभ प्रामुख्याने सल्लागारांचे शुल्क देऊ शकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच मिळत आला. वस्तुतः फसलेल्या उत्पादनाचा फटका लहान उद्योजकालाच अधिक बसतो. मोठी कंपनी असा तोटा पचवू शकते. चार कारागिरांच्या कारखानदाराचे मात्र खेळते भांडवलच न विकलेल्या मालात अडकते. ही पद्धती त्याच्या आवाक्यात कशी आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणाने केला आहे.

संकल्पना
हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये 'द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल' या ग्रंथात अभिकल्पाची शास्त्र म्हणून मांडणी केली. टिम ब्राऊन यांच्या २००८ मधील 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तील लेखामुळे अभिकल्प-विचार उद्योगजगतात सर्वपरिचित झाला. वापरणाऱ्यास समजून घेणे, समस्या निश्चित करणे, पर्याय मांडणे, नमुना बनविणे आणि त्याची चाचणी घेणे हे त्याचे पाच टप्पे मानले जातात. यांपैकी एकही टप्पा मुळात खर्चिक नाही. खर्च होतो तो तज्ज्ञांचे शुल्क, विस्तृत सर्वेक्षणे व महागडे नमुने यांवर.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण
या चपलेस २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. नवी चप्पल चावते, ही तिच्याविषयीची जुनी तक्रार. दुकानदार ती रोज ऐकतो, परंतु तिची नोंद क्वचितच होते. दहा-पंधरा ग्राहकांचे पाय व वापरलेल्या चपला पाहिल्या, तर चप्पल नेमकी कोठे चावते, अंगठ्याशी की पट्ट्याच्या कडेशी, हे कळू शकते. मग 'चप्पल कडक आहे' या मोघम तक्रारीचे रूपांतर 'पट्ट्याची कड पहिल्या आठवड्यात घासते' अशा निश्चित समस्येत होते. त्यावर कड तासणे, आतून मऊ अस्तर लावणे किंवा पट्ट्याची रुंदी बदलणे असे पर्याय निघतात. प्रत्येक पर्यायाचा एकेक जोड बनवून ओळखीच्या ग्राहकांस पंधरा दिवस वापरण्यास द्यावा. प्रयोग फसला, तरी नुकसान तीन जोडांचे होते, तीनशे जोडांचे नव्हे. मात्र चपलेची पारंपरिक ओळख पुसली जाणार नाही, याची दक्षता हवी.

महाविद्यालयांची भूमिका
शासकीय पातळीवर २००७ चे राष्ट्रीय अभिकल्प धोरण, राष्ट्रीय अभिकल्प संस्थेमार्फत २०१० मध्ये सुरू झालेली डिझाइन क्लिनिक योजना आणि २०२२ च्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेतील अभिकल्प विभाग असे प्रयत्न झाले आहेत. परंतु प्रस्ताव व कागदपत्रे तयार करणे हेच लहान उद्योजकास जड जाते. येथे महाविद्यालय दुवा ठरू शकते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ग्राहकांच्या नोंदी मराठीतून घ्याव्यात, खर्चाचा हिशेब मांडावा आणि आवश्यक तेथे योजनेचा प्रस्ताव लिहिण्यास साहाय्य करावे.

यासाठी दोन पथ्ये आवश्यक आहेत. पहिले, कारागिराचा वेळ म्हणजे त्याची मजुरी होय. त्यामुळे त्यास कार्यशाळेस बोलावण्याऐवजी विद्यार्थ्यांनी त्याच्या सोयीने कामाच्या जागी जावे. दुसरे, नव्या अभिकल्पाचे श्रेय व हक्क कोणाचे, हे आरंभीच लेखी ठरवावे. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला मूळ परंपरेचा उल्लेख न करता सादर केल्या आणि टीकेनंतरच प्रेरणेची कबुली दिली. श्रेयाचा हाच प्रश्न प्रकल्प-अहवालातही उद्भवू शकतो.

निष्कर्ष
दहा-पंधरा ग्राहकांचे निरीक्षण म्हणजे बाजारपेठेचे सर्वेक्षण नव्हे. साचे अथवा विद्युत सुरक्षितता यांचा संबंध असलेल्या उत्पादनांस तज्ज्ञांचे मार्गदर्शन अपरिहार्यच आहे. तरीही भांडवल गुंतविण्यापूर्वी चूक लक्षात येणे, हा लाभ लघुउद्योगास अल्प खर्चात मिळू शकतो. विद्यार्थ्याचा प्रकल्प केवळ गुणांपुरता न राहता कारागिराच्या हाती उपयुक्त नमुना देऊन संपावा, ही जबाबदारी मार्गदर्शक अध्यापकांची आहे.