तीनदा छापले, एकही उरले नाही

मराठीच्या थोरवीच्या त्या ओव्या आपण शाळेत पाठ करतो, फादर थॉमस स्टीफन्स हे नाव लक्षात राहते आणि बहुतेकांचा त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'शी संबंध तिथेच संपतो. माझा तिथून सुरू झाला. या ओव्या आपण नेमक्या कशावरून छापतो, या प्रश्नाने मला आजवर सोडलेले नाही. ग्रंथ १६१६, १६४९ आणि १६५४ असा तीनदा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ही साले तरी आली कुठून?

ती आली रोमन लिपीतल्या हस्तलिखितांतून. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली. नक्कल करणाऱ्याने ओव्यांबरोबर छापील पुस्तकातले मुद्रणाचे परवानेही उतरवून घेतले. भक्तीसाठी पुराण लिहून घेणाऱ्याला धर्माधिकाऱ्यांच्या परवान्यांशी काय देणेघेणे? पण समोर दिसले ते त्याने इमानाने उतरवले. माझ्या मते या साऱ्या साधनसामग्रीतली सर्वांत विश्वासार्ह साक्ष हीच. जे सिद्ध करण्यात नकलकाराला रसच नव्हता, ते त्याच्या हातून सिद्ध झाले. पुढे १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला रोमन लिपीतच आवृत्ती काढली. ओव्या भरल्या १०,९६२.

खरा वाद पेटला तो लंडनच्या पोथीमुळे. सुमात्राचा इतिहास लिहिणारे विल्यम मार्सडन यांनी जमवलेला ग्रंथसंग्रह आधी किंग्ज कॉलेजला आणि पुढे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत गेला. त्या संग्रहात हेच पुराण देवनागरीत आहे, 'आदिपुराण' आणि 'देवपुराण' अशा दोन भागांत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन ॲबट यांनी ते उजेडात आणले आणि ही मूळ संहिता असल्याचे सांगितले. त्यांचा मुख्य आधार भाषेचा होता. रोमन प्रतींत धर्मविधींच्या संज्ञा पुष्कळदा पोर्तुगीज-लॅटिन आहेत, तर लंडनच्या पोथीत त्या जागी संस्कृत वळणाचे शब्द येतात. ॲबट म्हणजे महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेणारा माणूस. मराठी ओवी त्यांच्या कानात मुरलेली होती, तेव्हा ही भाषा त्यांना अस्सल वाटली यात नवल नाही.

पण कानाला गोड लागणे हा पुरावा होत नाही. स्टीफन्सने आधी संस्कृत शब्द योजले आणि छापताना चर्चच्या धाकाने ते बदलले, असे म्हणता येते. आधी पोर्तुगीज शब्द होते आणि नागरी वाचणाऱ्या ख्रिस्ती वाचकांसाठी नंतरच्या कुणा जाणत्याने ते शुद्ध केले, असेही तितक्याच सहज म्हणता येते. एकाच पाठभेदातून दोन्ही दिशांना वाट फुटत असेल, तर तो पाठभेद कुठल्याच बाजूने बोलत नाही. 'मूळ' हा शिक्का ॲबट यांनी घाईने मारला, असे माझे मत आहे.

या घोळात सर्वांत मोलाचा कागद पुराणाबाहेरचा आहे. १६०८ साली स्टीफन्सने रोमला आपल्या जेझुइट संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिले. अभ्यासक प्रियोळकरांनी आपल्या मुद्रणाच्या इतिहासात त्याचा उपयोग केला आहे. मलबारात जशी त्या भूमीच्या भाषेत आणि अक्षरांत पुस्तके निघाली तशी इथेही निघावीत, ही आपली फार वर्षांची इच्छा असल्याचे त्यात आहे. अडचणही तो सांगतो: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे साचे लागतात सहाशे. आणि मग तोच सांगतो की ही संख्या आता दोनशेवर आणता आली आहे. जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांच्याशी झटणारा हा इंग्रज पाद्री मला या पत्रात फार जवळचा वाटतो. पुढच्या आठ वर्षांत साचे काही झाले नाहीत. पुराण छापले गेले ते रोमन अक्षरांतच.

हे पत्र देवनागरी मुळाच्या बाजूने सर्रास वापरले जाते. ते नीट वाचले पाहिजे. त्यात 'या भूमीची अक्षरे' आहेत, लिपीचे नाव नाही. आणि त्या काळच्या गोव्यात नागरीच्या जोडीला कानडी वळणाची लिपीही व्यवहारात होती. पत्रातून लेखकाची इच्छा कळते. त्याने हस्तलिखित कोणत्या लिपीत लिहिले, ते कळत नाही.

मग रोमन छपाईची कल्पना तरी कशी करावी? शेजारच्या ग्रंथावरून. एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर लिहिलेले ओवीबद्ध पुराण १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याच्या छापील प्रती आजही आहेत. स्टीफन्सचे पुस्तक कसे दिसत असेल हे समजायला याहून चांगले साधन नाही. तरी 'ख्रिस्तपुराणा'च्या अभ्यासात त्याची आठवण क्वचितच होते.

देवनागरी आवृत्त्या आपल्या हाती आहेत: शांताराम बंडेलूंची १९५६ ची, कारिदाद द्रागोंची १९९६ ची, नेल्सन फाल्काव यांची २००९ ची. वाचायला त्या सोयीच्या आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण रोमन प्रतीवरून देवनागरी करताना संपादक पदोपदी निर्णय घेत असतो. पोर्तुगीज वळणाचा 'एक्स' दिसला की तो श लिहायचा की ष? आपण जो श वाचतो तो स्टीफन्सचा, नकलकाराचा की संपादकाचा? भाषेच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्याने अशा एका अक्षरावर सिद्धान्त उभा करण्याआधी साल्ढाणांची रोमन आवृत्ती उघडून पाहावी, आणि लंडनच्या पोथीतली तीच ओवी तिच्याशेजारी ठेवावी.