न भरणारा फोड आणि परदेशातली वाळूमाशी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संगमेश्वरकडचा एक तिशीतला तरुण दवाखान्यात आला. सौदी अरेबियात तीन वर्षे नोकरी करून सुट्टीवर आलेला. उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढा व्रण, कडा उचललेली, मध्ये खपली. "दुखत नाही डॉक्टर, पण दोन महिने झाले, भरतही नाही," तो म्हणाला. मी नेहमीप्रमाणे प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि मलम लिहून दिले.

दहा दिवसांनी व्रण होता तसाच. या वेळी आई सोबत होती. मुलाला बाहेर बसवून तिने हळूच विचारले, "डॉक्टर, हा महारोग तर नाही ना? पुढच्या आठवड्यात मुलीकडची माणसं यायची आहेत."

कुष्ठरोगाच्या चट्ट्यात संवेदना जाते. येथे कापसाचा स्पर्श त्याला व्यवस्थित कळत होता, नसाही जाड झालेल्या नव्हत्या. मग मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, "नोकरी नेमकी कुठे होती रे?" उत्तर आले, "अल-अहसाकडे, खजुराच्या मळ्यात. उकाड्यामुळे रात्री उघड्यावरच झोपायचो."

त्याला मुंबईच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. व्रणाची कडा किंचित खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि निदान झाले : त्वचेचा लिश्मानियासिस.

हा रोग कशाने होतो?

लिश्मानिया हा एकपेशीय परजीवी. कोलकात्यात कनिंगहॅम यांनी १८८५ साली 'दिल्ली फोड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्रणात असे सूक्ष्म कण पाहिले होते. पुढे १९०३ साली लिश्मन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रुग्णांत असाच परजीवी दाखवला आणि त्यांचीच नावे त्याला मिळाली. याच्या अनेक जाती आहेत. काळा आजार यकृत-प्लीहेवर घाला घालतो व उपचार न झाल्यास जीव घेतो. त्वचेचा प्रकार जीव घेत नाही, पण चेहऱ्यावर झाल्यास जन्माचा व्रण ठेवून जातो. जगात दरवर्षी सुमारे ६ ते १० लाख लोकांना त्वचेचा लिश्मानियासिस होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात राजस्थानात बिकानेरकडे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळातही तो आढळतो.

तो पसरवते वाळूमाशी. ही डासापेक्षा पुष्कळ लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. उडताना आवाज करीत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरते. आखाती वाळवंटात रानउंदीर हे परजीवीचे कोठार. उंदराला चावलेली माशी माणसाला चावली की काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तेथे पुळी येते आणि पुढे व्रण होतो. स्पर्शाने, कपड्यांनी किंवा एकत्र जेवल्याने हा रोग पसरत नाही. त्या माऊलीला मी हेच प्रथम सांगितले.

पुण्यातील संशोधन

आपल्या शरीरात जंतू गिळून नष्ट करणाऱ्या भक्षक पेशी असतात. गंमत अशी की लिश्मानिया राहतो तो याच पेशींच्या पोटात! चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड करावे, तसे. हे त्याला जमते कसे?

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. भास्कर साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिश्मानिया मेजर' या त्वचेच्या व्रणाच्या परजीवीवर या प्रश्नाचा अभ्यास केला. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर 'सीडी ४०' नावाचा एक रेणू असतो. तो घराच्या घंटेसारखा समजा. शरीरातील मदतनीस पेशी ही घंटा दाबते, म्हणजे 'आतल्या जंतूला मार' असा निरोप जातो. पण या घंटेला आतून दोन तारा जोडलेल्या आहेत. एका तारेने निरोप गेला तर पेशी खवळते व परजीवीला मारते. दुसऱ्या तारेने गेला तर उलट ती शांत होते. परजीवी आपल्या सोयीची ही दुसरी तार चालू ठेवतो, असे या गटाने २००४ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात मांडले.

२००९ साली 'नेचर इम्युनॉलॉजी'मध्ये त्यांनी आणखी एक धागा उलगडला. परजीवी भक्षक पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल कमी करतो, त्यामुळे घंटेची जोडणीच बदलते. (हे वाचून कोणी तुपाची वाटी पुढे ओढू नये! येथे गोष्ट पेशीच्या आवरणाची आहे, जेवणातल्या तुपाची नाही.)

हे प्रयोग उंदरांवर आणि पेशींवर झालेले आहेत. त्यातून लगेच औषध हाती आले असे नाही, आणि माणसासाठी मान्यताप्राप्त लसही अजून नाही. पण चोर कोणत्या दाराने शिरतो हे कळल्याशिवाय कुलूप कोठे लावायचे ते कसे ठरणार?

वाचकांनी काय करावे?

आपल्या जिल्ह्यातील घराघरांतून माणसे आखातात जातात. म्हणून एवढे लक्षात ठेवा. तेथे उघड्यावर झोपू नका. बारीक जाळीची, शक्यतो औषध लावलेली मच्छरदाणी वापरा. संध्याकाळनंतर अंगभर कपडे घाला. तीन-चार आठवड्यांत न भरणारा कोणताही व्रण डॉक्टरांना दाखवा. त्यावर बिब्बा लावू नका, डाग देऊ नका आणि स्टेरॉईडचे मलम मनाने चोळू नका. व्रणातच टोचायची अँटिमनीची इंजेक्शने, व्रण गोठवणे, शेकणे असे उपचार उपलब्ध आहेत. काही व्रण काही महिन्यांत आपोआपही भरतात. मात्र काय करायचे हे तज्ज्ञांनाच ठरवू द्या.

त्या तरुणाचा व्रण भरला, डाग राहिला. मुलीकडच्यांना काय सांगायचे, असे आईने विचारले तेव्हा मी म्हटले, "खरे ते सांगा. माशी चावली होती, बरे झाले."

डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारो वा न विचारो, गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोठे राहिलात ते आपणहून सांगा. मी तो प्रश्न दहा दिवस उशिरा विचारला होता. आता प्रत्येक न भरणाऱ्या जखमेला तोच पहिला विचारतो.